पाणथळ जागा : उघड्यावरील एक पाठ

(इयत्ता ४ थी ते ७ वीच्या परिसर-अभ्यासासाठी)

प्रास्ताविक

प्राथमिक शाळेतील निसर्गपाठ बहुधा पुस्तकातील चित्रावरून दिला जातो. कमळाची आकृती फळ्यावर काढावयाची, त्याची मुळे चिखलात असतात असे सांगावयाचे आणि मुलांकडून ते वदवून घ्यावयाचे, एवढ्यावर पाठ संपतो. ज्या गावी शाळेपासून हाकेच्या अंतरावर तळे आहे, तेथेही पुष्कळदा असेच घडते. याला शिक्षकाची अनास्था हेच कारण असते असे नाही. तळ्याकाठी मुले नेणे जोखमीचे असते, वेळापत्रकात त्यासाठी वेगळा तास नसतो, आणि काठावर पोहोचल्यावर मुलांना नेमके काय दाखवावे याविषयी मार्गदर्शन हाताशी नसते. ते मार्गदर्शन करावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

ज्या ठिकाणी जमीन वर्षभर किंवा वर्षाचा काही काळ उथळ पाण्याखाली राहते आणि जेथील वनस्पती व प्राणी त्या ओलीला सरावलेले असतात, अशा ठिकाणास पाणथळ जागा म्हणतात. तळ्याचा काठ, नदीचे उथळ पात्र, दलदल, पाझर तलावाचा वरचा भाग आणि भातखाचर ही सर्व पाणथळ जागेचीच रूपे होत. यांपैकी काही निसर्गतः निर्माण होतात, तर काही माणसाने निर्माण केलेली असतात. प्रस्तुत पाठात मानवनिर्मित व गोड्या पाण्याच्या पाणथळ जागेचा विचार केला आहे. कारण आपल्या गावचे तळे बहुधा याच जातीचे असते.

शहरांनी बांधलेली तळी

मोठ्या शहरांना अशा जागेचे शैक्षणिक मोल पुष्कळ उशिरा कळले. लंडन शहरात किंग्ज क्रॉस नावाचे मोठे रेल्वेस्थानक आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडील खाणींतून आगगाडीने येणारा दगडी कोळसा एकेकाळी या स्थानकाच्या परिसरात उतरविला जात असे. कोळशाचा व्यापार ओसरल्यावर तेथील जागा ओसाड पडली. रीजंट्स कालव्याच्या काठची सुमारे दोन एकरांची अशीच एक पडीक कोळसा-वखार निवडून तेथे तळी खणण्यात आली, काठाला बोरू व लव्हाळे लावण्यात आले, लहानशी झाडी वाढविण्यात आली, आणि १९८५ साली 'कॅम्ली स्ट्रीट निसर्ग उद्यान' या नावाने ती जागा लोकांसाठी उघडण्यात आली. या उद्यानाचा एक मुख्य हेतू शहरातील शाळांना उघड्यावरचा वर्ग मिळावा हा होता. मुले लांब दांड्याची जाळी घेऊन तळ्याकाठी येतात, जाळीत आलेले लहान जीव पाण्याने भरलेल्या पांढऱ्या थाळीत ठेवून पाहतात, ओळखतात, मोजतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात. ज्या मुलांच्या घराभोवती विटा व डांबर यांवाचून दुसरे काही नाही, त्यांना बेडकाचे पिल्लू प्रथम अशा तळ्यातच दिसते.

आपल्याकडील उदाहरण मुंबईचे आहे. मिठी नदीच्या काठी, धारावीच्या लगत, सुमारे ३७ एकर जागेत पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे. त्या उकिरड्यावर माती पसरून हजारो झाडे लावण्यात आली आणि १९९४ साली तेथे 'महाराष्ट्र निसर्ग उद्यान' सुरू झाले. त्या उद्यानात पावसाचे पाणी साठविणारे तळे आहे. मुंबईतील शाळांची मुले तेथे झाडे, फुलपाखरे व पक्षी यांचा अभ्यास करण्यासाठी येतात.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. एका ठिकाणी कोळशाची वखार व दुसऱ्या ठिकाणी उकिरडा साफ करून, पैसा व श्रम वेचून, शहराने आपल्या मुलांसाठी पाणी, झाडे व जीवसृष्टी पुन्हा आणली. आपल्या अनेक गावांत मात्र ही संपत्ती पूर्वजांनी केव्हाच निर्माण करून ठेविली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील जुने तलाव हे याचे उत्तम उदाहरण होय. जमिनीचा उतार ओळखून मातीच्या पाळी घालण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाचा त्यांच्या बांधणीत मोठा वाटा आहे. भातशेतीला पाणी द्यावे म्हणून बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर ते शासनाकडे आले आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. या तलावांवर शेतकऱ्यांचे भात पिकते, ढिवर समाजाची मासेमारी चालते आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी पाटबंधाऱ्यासाठी बंधारा घालण्यात आला. त्यामागे साठलेल्या गाळावर इतकी समृद्ध पाणथळ जागा तयार झाली की, २०२० साली तिची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळांत गणना झाली. रामसर स्थळ म्हणून मान्यता पावलेली ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा होय.

तात्पर्य असे की, शहराला जो वर्ग बांधून घ्यावा लागतो, तो खेड्यातील शिक्षकाच्या दाराशी आहे. त्याचा उपयोग करून घेणे मात्र शिक्षकाच्या हाती आहे.

पाणथळ जागा काय काम करते

पाठ देण्यापूर्वी शिक्षकाला विषयाची बैठक नीट समजलेली असावी. पाणथळ जागा म्हणजे नुसते साठलेले पाणी नव्हे. तेथे अहोरात्र काम चालू असते. त्या कामाचे चार भाग करता येतील.

पहिला भाग वेग कमी करण्याचा. ओढ्याचे पाणी उतारावरून येताना माती वाहून आणते. तळ्याच्या मुखाशी लव्हाळे, पाणकणीस व गवत यांच्या दाटीत शिरताच त्याचा वेग मंदावतो. वेग मंदावला की पाण्याला मातीचे ओझे पेलत नाही. जड वाळू आधी बसते, मग बारीक माती, आणि अगदी सूक्ष्म चिकणमाती सर्वांच्या शेवटी.

दुसरा भाग कुजविण्याचा. पाण्यात बुडालेल्या प्रत्येक देठावर, मुळावर व खड्यावर एक बुळबुळीत थर असतो. तो थर म्हणजे असंख्य सूक्ष्म जंतूंची वस्ती होय. पाण्यातील सडका पालापाचोळा, शेण व इतर सेंद्रिय घाण हे जंतू खातात व तिचे साध्या द्रव्यांत रूपांतर करतात. देठ व मुळे जितकी अधिक, तितकी या जंतूंना बसावयास जागा अधिक.

तिसरा भाग मुळांना हवा पुरविण्याचा. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. सामान्य रोपाची मुळे तेथे गुदमरून सडतील. परंतु कमळ, पाणकणीस व लव्हाळे यांच्या देठांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. पानांनी घेतलेली हवा या नळ्यांतून मुळांपर्यंत पोहोचते व त्यातील थोडा प्राणवायू मुळांभोवतीच्या चिखलातही झिरपतो. त्यामुळे मुळांलगत प्राणवायूवर जगणारे जंतू आणि थोड्या अंतरावर प्राणवायूवाचून जगणारे जंतू, अशा दोन वस्त्या शेजारी शेजारी नांदतात. पहिल्या प्रकारचे जंतू घाणीतील नत्रद्रव्यांचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात व दुसऱ्या प्रकारचे जंतू त्या नायट्रेटमधील नत्र वायुरूपाने हवेत सोडून देतात.

चौथा भाग शोषून घेण्याचा. शेतांतून वाहून आलेले नत्र व स्फुरद ही वनस्पतींची अन्ने आहेत. पाणवनस्पती ती शोषून वाढतात. त्या वनस्पती कापून नेल्या तर ती द्रव्येही पाण्याबाहेर जातात. तशाच कुजू दिल्या तर बरीचशी पाण्यात परत येतात.

या ज्ञानाचा उपयोग शास्त्रज्ञांनी सांडपाणी शुद्ध करण्यासाठी केला आहे. जर्मनीतील कॅथे झायडेल या विदुषीने १९५० नंतरच्या दशकात लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतींवर प्रयोग करून त्यांचा हा गुण अभ्यासिला, आणि पुढे त्या पायावर वनस्पतींचे वाफे बांधून सांडपाणी निवळण्याची रीत अनेक देशांत पसरली. कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्रात पसरलेल्या पाणथळ प्रदेशात शहराचे सांडपाणी उथळ तळ्यांत खेळविले जाते. तेथे सूर्यप्रकाश, शेवाळ, जंतू व मासे मिळून ते निवळते आणि त्यातूनच मासे, भाजी व भात यांचे उत्पादन होते. तो प्रदेश २००२ साली रामसर स्थळांत समाविष्ट झाला.

या शक्तीला मर्यादा आहे, हेही मुलांस सांगावे. कारखान्यांतील विषारी द्रव्ये पाणवनस्पती नाहीशी करू शकत नाहीत. ती गाळात व माशांच्या शरीरात साठत राहतात. घाण बेसुमार आली तर जंतू सर्व प्राणवायू वापरून टाकतात व मासे मरतात. नत्र व स्फुरद अति झाले तर जलपर्णी माजते आणि पाण्यावर सूर्यप्रकाश पडू देत नाही. बैलालाही त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादले तर तो बसतो. तळ्याचेही तसेच आहे.

पूर्वतयारी

पाठासाठी पावसाळा ओसरल्यानंतरचे दिवस, म्हणजे भाद्रपद-अखेर ते कार्तिक, हे सर्वांत योग्य. या दिवसांत तळी भरलेली असतात, वनस्पती फुलावर असतात आणि चतुर व टाचण्या हे कीटक विपुल दिसतात. वेळ सकाळची असावी. दोन तास सलग मिळतील अशी वेळापत्रकात योजना करावी.

मुलांच्या सुरक्षिततेविषयी कोणतीही सवलत घेऊ नये. आदल्या दिवशी शिक्षकाने स्वतः जागा पाहावी. काठ जेथे मंद उताराचा आहे व पाणी मुलाच्या गुडघ्याच्या खाली आहे, अशीच जागा निवडावी. गाळ काढल्यामुळे पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत, म्हणून काठीने तळ चाचपावा. पाण्यापासून दोन हातांवर दोरी बांधावी व ती मर्यादा मुलांस समजावून द्यावी. मुलांनी पाण्यात उतरावयाचे नाही. जाळी काठावरूनच फिरवावयाची. ती फिरविण्यास एका वेळी दोनच मुलांनी दोरीच्या पुढे यावे, आणि त्यांच्या शेजारी मोठे माणूस उभे असावे. सहा-सात मुलांच्या प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस असावे आणि त्यांपैकी निदान एकास उत्तम पोहता येत असावे. पालकांची अनुमती आधी घ्यावी. हवा भरलेली मोटारीची ट्यूब व लांब दोरी काठावर तयार ठेवावी. गवतात पाय टाकण्यापूर्वी काठी आपटावी. पायाला जखम असलेल्या मुलास ओल्या जागी नेऊ नये. परत आल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. एवढी व्यवस्था होत नसेल तर त्या दिवशी पाठ पुढे ढकलावा.

साधने अशी : तारेच्या कड्याला पातळ कापड शिवून केलेली व बांबूच्या दांड्याला बांधलेली जाळी, दोन पांढरी ताटे, भिंग, काचेच्या दोन बाटल्या, सायकलचा पंप, मापासाठी खुणा केलेली काठी, आणि नोंदवही. यांतील एकही वस्तू गावात न मिळणारी नाही.

पाठाची मांडणी

पूर्वज्ञान व हेतुकथन. पाठाचा आरंभ मुलांना ठाऊक असलेल्या गोष्टीपासून करावा.

शिक्षक : ओढा तळ्याला मिळतो तेथे पाणी कसे दिसते?
मुले : गढूळ, गुरुजी.
शिक्षक : आणि सांडव्यापाशी?
मुले : नितळ.
शिक्षक : मग मधली माती गेली कोठे?

या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाने देऊ नये. मुले निरनिराळी उत्तरे देतील. ती सर्व फळ्यावर लिहावीत आणि 'यांतील खरे कोणते, ते आज आपण तळ्याशी जाऊन पाहू,' असे सांगावे. पाठाचा हेतू याहून चांगल्या रीतीने सांगता येणार नाही.

पहिले निरीक्षण : पाण्याचा वेग. ओढ्याच्या मुखाशी, पाणी वाहते आहे अशा ठिकाणी, वाळलेल्या पानाचे दोन सारखे तुकडे एकाच वेळी सोडावेत. एक मोकळ्या प्रवाहात व दुसरा लव्हाळ्यांच्या दाटीत. मुलांनी मोठ्याने अंक मोजावेत. मोकळ्या प्रवाहातील तुकडा केव्हाच पुढे जातो, दुसरा अडखळत राहतो. त्यानंतर शिक्षकाने मुखाशी व सांडव्याशी अशा दोन बाटल्या भरून घ्याव्यात, त्या शाळेत नेऊन स्थिर ठेवाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी तळाशी बसलेल्या गाळाची जाडी मोजावी.

दुसरे निरीक्षण : देठातील वाट. कमळाच्या पानाचा देठ आडवा कापून मुलांना दाखवावा. त्यातील भोके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. देठाचे एक टोक ताटातील पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकातून पंपाने हळूच हवा सोडावी. बुडबुडे येताच मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. तळ्याचे पाणी लागलेला देठ मुलांनी तोंडाला लावू नये, यासाठीच पंप न्यावयाचा आहे.

तिसरे निरीक्षण : ताटातील जीव. जाळी काठच्या वनस्पतींतून हलकेच फिरवून ताटात उलटावी व ताट सावलीत स्थिर ठेवावे. थोड्याच वेळात हालचाल दिसू लागते. चतुराचे पाण्यातील पिल्लू मातकट रंगाचे, सहा पायांचे व शिकारी वृत्तीचे असते. ते डासांच्या अळ्या खाते. शंखातील गोगलगाय शेवाळ खरवडते. बेडकाच्या पिल्लांपैकी कोणास पाय फुटले आहेत व कोणास नाहीत, हे मुलांनी मोजावे. गाळात लालभडक बारीक अळ्या सापडल्या तर त्यांचा रंग का लाल, हे विचारावे. आपल्या रक्ताप्रमाणे त्यांच्या शरीरातही प्राणवायू धरून ठेवणारे लाल द्रव्य असते, म्हणून जेथे प्राणवायू कमी तेथेही त्या तग धरतात. ताटात केवळ लाल अळ्याच सापडल्या व दुसरे काहीच नाही, तर त्या ठिकाणी घाण फार झाली असावी असा तर्क करता येतो. निरीक्षण संपताच सर्व जीव जेथून घेतले तेथेच सोडावेत. हा नियम शिक्षकाने स्वतः पाळून दाखवावा.

चौथे निरीक्षण : पक्ष्यांची ताटे. शेकाट्या लांब पायांनी उथळ पाण्यात चालतो, ढोकरी काठाशी स्तब्ध उभी राहते, टिबुकली बुडी मारते, खंड्या फांदीवरून झेप घेतो. एकाच तळ्यात प्रत्येकाची जेवणाची जागा वेगळी आहे. मुलांनी कोणता पक्षी किती खोल पाण्यात दिसला याची नोंद करावी. तळ्याचा सर्व काठ एकसारखा खोल व दगडांनी बांधीव केला तर यांपैकी कोणकोणते पक्षी राहतील, हा प्रश्न वरच्या वर्गाला विचारावा.

संकलन. शाळेत परतल्यावर फळ्यावरील सकाळची उत्तरे पुन्हा वाचावीत व मुलांनीच त्यांतील चुकीची उत्तरे पुसावीत. ज्या मुलाचे उत्तर पुसले जाते त्यालाच 'तू काय पाहिलेस?' असे विचारावे, म्हणजे त्याला उणेपणा वाटणार नाही.

नितळ म्हणजे निर्धोक नव्हे

या पाठात एक मोठा धोका आहे व तो प्रत्येक शिक्षकाने जाणून असावे. तळे पाणी निवळविते असे ऐकून मूल घरी जाईल व नितळ दिसणारे पाणी पिण्यास योग्य असते असे समजेल. तसे होऊ देता कामा नये.

यासाठी नारूचा इतिहास मुलांस अवश्य सांगावा. आजच्या मुलांनी नारू पाहिलेला नाही. त्यांच्या आजी-आजोबांपैकी काहींनी तो सोसलेला असेल. नारू झालेला मनुष्य पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की त्याच्या पायातील जखमेतून त्या कृमीची सूक्ष्म पिल्ले पाण्यात जात. पाण्यातील सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव त्यांना गिळत. ते पाणी दुसऱ्याने प्यायले की सुमारे वर्षाने त्याच्या पायातून हातभर लांबीचा किंवा त्याहूनही लांब कृमी बाहेर पडे. ते पाणी दिसावयास पुष्कळदा नितळ असे. या रोगावर लस नव्हती व औषधही नव्हते. पाणी कापडाने गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि हातपंप बसविणे अशा उपायांनी देशाने त्याचा पाडाव केला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त असल्याचे जाहीर झाले. लोकांना पटलेली एक साधी सवय केवढे कार्य करते, याचे हे उदाहरण आहे. मात्र कापडाने गाळल्याने पटकी व विषमज्वर यांचे जंतू जात नाहीत. त्यासाठी पाणी उकळावे किंवा त्यात योग्य प्रमाणात जंतुनाशक घालावे, हेही त्याच वेळी सांगावे.

दुसरा प्रश्न डासांचा. 'तळे म्हणजे डास' असे म्हणून तळी बुजविण्याचा सल्ला देणारे लोक गावोगाव भेटतात. मुलांनी याची परीक्षा स्वतः करावी. मासे, बेडूक व चतुर ज्या तळ्यात आहेत तेथील पाणी एका ताटात घ्यावे व शाळेच्या मागे पडलेल्या डब्यातील किंवा जुन्या टायरमधील पाणी दुसऱ्या ताटात घ्यावे. डासांच्या अळ्या बहुधा दुसऱ्या ताटात अधिक सापडतात, कारण तेथे त्यांना खाणारे कोणी नसते. अळी पाण्याच्या पृष्ठाशी समांतर पडून असेल तर ती हिवताप पसरविणाऱ्या जातीच्या डासाची असते; डोके खाली करून तिरपी लोंबत असेल तर दुसऱ्या जातीची. डेंग्यूचा डास तर घरातील रांजण, टाकी व फुलदाणी यांतील साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. उष्ण दिवसांत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातील सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी ठेवावीत. ज्या मुलाने अळी स्वतः पाहिली आहे तेच घरी जाऊन आईला रांजण घासावयास सांगेल.

ज्या गावी तळे नाही

अशा शाळेने हातपंपाच्या किंवा हात धुण्याच्या जागेच्या सांडपाण्यावर लहानसा वाफा करावा. सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व अर्धा ते पाऊण मीटर खोल खड्डा घ्यावा. पाणी खाली मुरू नये म्हणून तळाशी चिकणमाती चोपून बसवावी अथवा जाड प्लॅस्टिक अंथरावे. आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या टोकांना मोठी खडी आणि मध्ये बारीक खडी भरावी. त्यात कर्दळ, लव्हाळा व वेखंड यांचे कंद लावावेत. बाहेर जाणारी नळी अशा उंचीवर ठेवावी की पाणी खडीच्या पृष्ठाखाली चार बोटे राहील. पाणी उघडे न राहिल्यामुळे तेथे डास होत नाहीत. वाफ्यातून निघालेले पाणी केळी-पपईच्या आळ्यांत सोडावे. शौचालयाचे पाणी या वाफ्यात कधीही आणू नये, आणि त्यात वाढलेले काहीही खाण्यास वापरू नये. खडीच्या फटी गाळाने भरू नयेत म्हणून पाणी आत येते तेथील खडी वर्षातून एकदा काढून धुवावी. हे काम वरच्या वर्गाने शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे. खड्डा किती घनमीटर होईल व खडी किती लागेल, हा हिशेब गणिताच्या तासाला करावा.

तळ्याची नोंदवही

एका दिवसाच्या भेटीने तळे कळत नाही. म्हणून प्रत्येक शाळेने तळ्याची एक जाड नोंदवही ठेवावी. काठाजवळच्या पक्क्या दगडावर किंवा सांडव्याच्या भिंतीवर खुणा करून दर पंधरवड्यास पाण्याची पातळी लिहावी. तळे प्रथम भरले तो दिवस, सांडवा वाहू लागला तो दिवस, पहिले कमळ, पहिला पाहुणा पक्षी, तळे आटले असल्यास तो दिवस, आणि त्याच सुमारास गावातील विहिरींची पातळी, एवढ्या नोंदी पुरेत. वही वर्गाबरोबर वर जाऊ नये. ती त्या इयत्तेपाशीच राहावी व पुढील वर्षीच्या मुलांनी तीत पुढे लिहावे.

या वहीचा उपयोग केवळ अभ्यासापुरता नाही. गावचे तळे उन्हाळ्यात कोरडे दिसले की ती जागा रिकामी पडली आहे असे वाटू लागते. मग तेथे राडारोडा येतो, नंतर गाळे येतात, आणि चार वर्षांनी पावसाचे पाणी लोकांच्या घरांत शिरते व विहिरी फाल्गुनातच तळ गाठतात. गावतळी ही समाजाच्या उपयोगाची नैसर्गिक संपत्ती असून ती राखली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ सालीच स्पष्ट केले आहे. पण ग्रामसभेत निर्णयाची वेळ येते तेव्हा 'येथे पाणी राहतच नाही' असे कोणी म्हटले, तर त्याला उत्तर देण्यास पुरावा लागतो. दहा वर्षे मुलांनी निरनिराळ्या अक्षरांत लिहिलेली वही हा तो पुरावा होय. शिक्षकाने ग्रामसभेत वादात पडावे असे नाही. त्याने ती वही तेवढी लोकांपुढे ठेवावी.

स्वाध्याय

१. ओढ्याच्या मुखाशी व सांडव्याशी घेतलेल्या पाण्यातील गाळाची जाडी मोजा. फरकाचे कारण तीन वाक्यांत लिहा.
२. कमळाचा देठ व ज्वारीचा धांडा आडवे कापून त्यांच्या आकृत्या काढा. कोणते रोप चिखलात जगेल व का?
३. तुमच्या घरात पाणी साठणाऱ्या वस्तूंची यादी करा. त्यांतील कोणत्या वस्तू मागील आठ दिवसांत कोरड्या केल्या होत्या?
४. घरातील वडीलधाऱ्या माणसांस नारूविषयी विचारा व त्यांनी सांगितलेली माहिती लिहून आणा.
५. तळे कोणी बांधले, गाळ पूर्वी कोण काढीत असे व तो कोठे नेत असत, हे गावातील वृद्धांकडून विचारून घ्या आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा.